परगावचा कोंबडा

सिंधुदुर्ग जिल्ह्याबद्दल दहा मजेशीर गोष्टी लिहून आणाव्यात, असे रविवार पुरवणीच्या संपादकांनी सांगितले होते. इतिहास, खाणे, चालीरीती आणि प्रेक्षणीय स्थळे, प्रत्येकाला थोडी थोडी जागा. मी सोलापूरचा. समुद्र नियमितपणे पाहण्याची सवय नाही. जिल्ह्यात पूर्वी कधी गेलेलो नाही, ही या कामासाठी पात्रता मानली गेली.

देवबाग आणि मालवण

देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे वाळूची पट्टी. पट्टी इतकी चिंचोळी, की काही घरांच्या पुढच्या दारी खाडी आणि मागच्या दारी समुद्र आहे. पाहुण्यांना सकाळी सूर्योदयासाठी एका दाराशी आणि संध्याकाळी सूर्यास्तासाठी दुसऱ्या दाराशी बसवतात. मधल्या वेळेत मासे.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीने गेलो. पायाच्या दगडांत शिसे ओतलेले आहे, आणि चुन्यात उमटलेले शिवाजी महाराजांच्या हाताचे व पायाचे ठसे आहेत. चारही बाजूंना खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. हे मी होडीवाल्याला मजेशीर गोष्ट म्हणून वाचून दाखवले.

"गोडी नाय तर काय," तो म्हणाला. "खारी बाव कोण खणतलो? खारा पानी भायर आसाच."

या उत्तराने ती गोष्ट यादीतून गेली नाही, पण तिच्यातली मजा कमी झाली.

गुरुवार, हद्द

पुढचा मुक्काम मालवणच्या उत्तरेला, आतल्या एका गावात होता. गावाचे नाव देत नाही. तशी अट होती आणि कारणही सांगण्यात आले होते: पुढच्या वेळी लोक गाड्या घेऊन बघायला येतील आणि देवाला बोलायला जागा उरणार नाही.

होमस्टेचे बुकिंग मी महिनाभर आधी केले होते. एसटी गावाच्या वेशीतून आत शिरली, माडांमधून वळणे घेत निघाली, आणि माझ्या थांब्यावर थांबली नाही. मी उठून उभा राहिलो. कंडक्टरने बसायला सांगितले.

"गाव बंद आसा. हद्दीच्या पलीकडे उतरवतंय तुमका."

खिडकीतून पाहिले. घरांची दारे लोटलेली, कडी घातलेली. कुलपे जवळजवळ नाहीत. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रा नाही, शेणाची पाटी घेऊन जाणारे कोणी नाही. सोलापुरात आमचे शेजारी लग्नाला दोन दिवस गेले तरी दाराला दोन कुलपे आणि आम्हाला एक किल्ली, अशी व्यवस्था असते. इथे अख्खे गाव उघड्यावर टाकून लोक गेले होते.

हद्दीपलीकडे रस्त्याच्या कडेला माझे यजमान बापू स्कूटरला टेकून उभे होते. साठीचे, शांत, कानाला मफलर.

"घर बंद आसा," त्यांनी सांगितले. "स्टे चालू आसा."

या प्रथेला गावपळण म्हणतात. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल मिळाला, की अख्खे गाव तीन दिवस तीन रात्री हद्दीबाहेर जाऊन राहते. माणसे, गुरे, शेळ्या, कुत्री, मांजरे, कोंबड्या, सगळे. गावात गावचा एकही जीव उरता कामा नये. चौथ्या दिवशी पुन्हा देवाला विचारायचे. त्याने होकार दिला तर परतायचे, नकार दिला तर आणखी मुक्काम वाढवायचा. प्रथा कशी सुरू झाली, हे मी पाच जणांना विचारले आणि सहा कारणे मिळाली. एकाने दोन दिली. भुतांना त्यांची पाळी म्हणून गाव द्यायचे, हे एक. हवा शुद्ध होते, हे दुसरे. ते सांगणारा शिक्षक होता आणि भुतांचे कारणही त्यानेच दिले.

शेजारच्या गावाच्या कातळावर पाऊणशे खोपी उभ्या होत्या. बांबूच्या मेढी, वर माडाच्या विणलेल्या झावळ्या, आत गवत आणि त्यावर चटई. बापूंच्या खोपीच्या मेढीला होमस्टेची पाटी टांगलेली होती. तिच्यावर 'समुद्रदर्शन' आणि 'गरम पाणी' असे लिहिले होते. समुद्र दिसत नव्हता. गरम पाणी होते.

बापूंच्या पत्नी सुनंदाकाकी चुलीपाशी होत्या. बुकिंग घेतलेच कसे, असे मी विचारले.

"तुमी आदी सांगितल्यात. मगे देवान तारीख दिल्यान. दोघांकय नाय कसा म्हणतलंय?"

रात्रीच्या जेवणात बांगड्याचे तिकले, म्हणजे आंबट-तिखट कालवण, होते. त्यात तिरफळे असतात: काळसर, मिरीपेक्षा थोडी मोठी. ती स्वाद सोडून झाली, की ताटाच्या कडेला ठेवायची असतात. हे मला माहीत नव्हते. मी एक नीट चावले. काही वेळ जीभ माझ्या ताब्यात राहिली नाही. शेजारच्या खोपीतल्या शालनबाई हे लक्षपूर्वक पाहत होत्या. त्यांनी आपल्या घरच्यांना बोलावून दाखवले.

जीभ परत आल्यावर मी यादीतली एक गोष्ट सांगितली: मिरची आणि काजू हे दोन्ही पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आले, मिरची मूळची अमेरिकेकडची.

शालनबाईंनी विचार केला. "आमची थंय गेली आसतली. पोरां नाय जात?"

एक अडचण

अडचण त्याच रात्री कळली. सुनंदाकाकींची मुलगी तेजल कुडाळच्या एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिचे लग्न तिने स्वतः ठरवले आहे. मुलगा पुण्याचा, तिच्याबरोबर शिकलेला. मुलाकडच्यांची हरकत नव्हती. फक्त त्याच्या आत्याला मुलीचे घर एकदा बघायचे होते. आत्यांनी ही भेट दोनदा पुढे ढकलली होती, एकदा पितृपक्ष म्हणून आणि एकदा गुडघा म्हणून. आता रविवारी दुपारी त्या येणार होत्या. तिसऱ्यांदा आपण पुढे ढकलले तर आत्या त्याला अपशकुन म्हणतील, असे मुलाने कळवले होते.

या भेटीसाठी घराला नवा रंग दिला होता. आंब्याच्या पिवळ्यावर किंचित मलईचा हात. हा रंग सुनंदाकाकींनी मालवणात तीन दुकाने फिरून निवडला होता. त्यानंतर देवाने गावपळणीची तारीख दिली. रविवारी सकाळी कौल मिळाला तर दुपारी आत्या घर बघणार. कौल नाही मिळाला तर आत्या खोप बघणार.

"बघूंदे खोप," तेजल म्हणाली. ती मोबाइल चार्जिंगला लावायला सौर दिव्याशी झगडत होती. "लगीन घराशी नाय करूचा हा."

"तू गप रव गो," सुनंदाकाकी म्हणाल्या. "रंग कोणासाठी काढलंय मी?"

शुक्रवार, कातळ

पहाटे कातळ जागा होत असताना कोंबडा आरवला. यात विशेष काही नाही. तळावर पन्नासेक कोंबडे होते आणि ते सगळे आरवून चुकले होते. हा मात्र उशिरा आणि लांबून आरवला. आवाज हद्दीच्या आतून, रिकाम्या गावातून आला.

चुलीपुढे फुंकणारी माणसे फुंकायची थांबली. पुन्हा आरवला. भरगच्च, शेवटाला थोडा ओढलेला आवाज.

पुढच्या अर्ध्या तासात तळावरच्या प्रत्येक खोपीत कोंबड्यांची मोजदाद झाली. प्रत्येक खोपीतून निर्वाळा आला, की आमचे सगळे आहेत. सुनंदाकाकींनीही आपल्या टोपलीखाली हात घालून बघितले आणि "आसत" असे सांगितले. मग त्या खोपीत गेल्या आणि बापूंना आत बोलावले. खोपीला भिंती झावळ्यांच्या असल्याने पुढचे संभाषण मला ऐकावे लागले.

"सायबाक कोणी घेतल्यान?"

"तुया घेतलंस ना?"

"मी कोंबयो घेतलंय. कोंबो तुमी घेवचास."

"माका कोणी सांगितला?"

चूक अशी झाली होती. साहेब हा त्यांचा तांबडा कोंबडा एरवी पडवीत झोपायचा. नव्या रंगावर घाण नको म्हणून सुनंदाकाकींनी त्याला आठवडाभर मागच्या गोठ्याच्या माळ्यावर झोपवले. गाव सोडताना पहाटे अंधारात त्यांनी पडवीत चाचपून कोंबड्या टोपलीत भरल्या. पडवीत कोंबडा नव्हता म्हणजे बापूंनी नेला, असे त्यांनी धरले. बापूंनी काहीच धरले नाही. ते गुरे धरत होते.

गावात जीव उरला तर देव कौल देत नाही, अशी समजूत आहे. तो आणायला आत जाता येत नाही, कारण आत जाणारा माणूसही जीवच. एका घराच्या कोंबड्यामुळे अख्ख्या गावाचा मुक्काम वाढला, तर ते पुढच्या गावपळणीपर्यंत ऐकवले जाते. मागच्या एका पळणीत कोणाच्या तरी मांजराने असेच केले होते. त्या घराला अजून मांजरवाले म्हणतात, आणि त्यांच्याकडे आता मांजर नाही.

सुनंदाकाकी बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हते.

"कोणाचो आसात गो?" शालनबाईंनी विचारले.

"कोणास ठाऊक," सुनंदाकाकी म्हणाल्या. "आवाज तुमच्या अंगाक वाटता."

"आमच्या अंगाक तुमचा घर आसा."

दिवसभर तळावर एरवी सुटीचे वातावरण होते. झाडाखाली शाळा भरली आणि लवकर सुटली. बायकांनी फुगड्या घातल्या. एका खोपीत खापरोळ्या चालल्या होत्या: जाळीदार जाड घावन, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवलेले. मी दोन खाल्ल्या आणि तिसरी वाढण्यात आली. सोलापुरात यजमान आग्रह करतात. इथे आग्रह करत नाहीत, सरळ वाढतात. कोंबडा अधूनमधून आरवत होता. दर वेळी फुगडी क्षणभर थांबायची.

शनिवार, हद्दीवरचे प्रयत्न

शनिवारी सकाळी गावकर तात्यांनी लोकांना हद्दीवर बोलावले. देवाकडचे बोलणे तात्यांकडे असते. ऐंशीच्या पुढचे, आवाज मोठा, ऐकू कमी येते, त्यामुळे चर्चा लवकर संपतात. त्यांचे म्हणणे साधे होते. आत जाता येत नाही, पण हाक मारायला बंदी नाही.

सुनंदाकाकी टोपली उचलून पुढे झाल्या. हा एक प्रकारे कबुलीजबाबच होता, पण कोणी तसे नोंदवले नाही. त्यांनी कोंबड्या हद्दीच्या दगडाशी नेऊन ठेवल्या. बापूंनी तांदळाच्या कण्या पसरल्या आणि हाक दिली: "बो बो बो बो."

आतून उत्तर आले. थोड्या वेळाने वळणावर साहेब दिसला. मोठा, तांबडा, शेपटीत दोन पांढरी पिसे. तो रस्त्याच्या मधोमध चालत आला आणि थांबला. समोर हद्दीवर सगळे गाव, मागच्या लोकांना दिसावे म्हणून पुढचे बसलेले, असे त्याच्याकडे बघत होते. त्याने गावाकडे बघितले. मग तो वळला आणि आलेल्या वाटेने परत गेला.

"सुनंदाचो सायब," शालनबाई म्हणाल्या.

"दिसता तसो," सुनंदाकाकी म्हणाल्या.

"तसो दिसता काय? तोच. चाल बघ, तुज्या घोवाची चाल आसा तेची."

बापूंनी मफलर सारखा केला.

आणखी दोन वेळा प्रयत्न झाला. दुसऱ्या वेळी साहेब आला तो शालनबाईंच्या अंगणापर्यंत, आणि तिथे वाळत राहून गेलेल्या कुळथात उभा राहून खायला लागला. हद्दीवरून ते स्पष्ट दिसत होते. शालनबाईंचे त्यानंतरचे बोलणे छापण्याजोगे नाही.

एवढ्यात एसटी आली. हद्द ओलांडून आत शिरली, साहेबाने उडी मारून रस्ता दिला, आणि ती पलीकडच्या वळणाला गेली. खिडकीतल्या एका प्रवाशाने आम्हाला हात केला.

तात्यांनी गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

"गाडयेत माणसां होती," ते म्हणाले.

"होती," सगळे म्हणाले.

"गावातसून गेली. देवाक चलता. कित्याक?"

"परगावची," शिक्षकांनी उत्तर दिले.

"तर." तात्यांची नजर लोकांवरून फिरत आली आणि माझ्यावर थांबली. "ह्ये खंयचे?"

"सोलापूर," मी सांगितले.

"कसले?"

"सो-ला-पूर."

"बरा," तात्या म्हणाले. "कोंबो ह्येंका देवन टाक, सुनंदा."

तर्क असा होता: गावात गावचा जीव नको. कोंबडा सोलापूरच्या माणसाचा झाला, की तो एसटीतल्या प्रवाशासारखाच परगावचा जीव. वाटेत थोडा जास्त थांबला आहे, एवढेच.

मी हरकत घेतली. ज्या गोष्टीची बातमी करायची तिच्यात बातमीदाराने पक्ष होऊ नये, हे मी पहिल्या नोकरीत शिकलो. भेटवस्तू घेऊ नये, हे दुसऱ्या नोकरीत. दोन्ही शांतपणे समजावून सांगितले.

"तुमी पक्ष खंय?" तात्या म्हणाले. "तुमी मालक."

माझ्या हरकतीपेक्षा शालनबाईंची हरकत भक्कम होती. पाहुणा सुनंदाच्या खोपीत झोपतो, तिच्या चुलीवरचे जेवतो. मग तो घरचाच नाही का? आणि घरचा असला तर कोंबडा पुन्हा गावचा. या मुद्द्यावर हद्दीवर खूप चर्चा झाली. दोन गट पडले. मी घरचा की परगावचा, हे ठरवताना माझ्याकडे कोणी बघत नव्हते.

निकाल शेवटी तेजलने लावला.

"शालनकाकी, तिरफळ चावलेल्या माणसाक तुमी गावचो म्हणतास?"

तो प्रसंग शालनबाईंनीच सगळ्या तळाला सांगितला होता.

"ता मातर खरा," त्या म्हणाल्या. "चावल्यानी. दातांनी."

सगळ्यांसमक्ष सुनंदाकाकींनी माझ्या हातावर पाणी सोडले आणि साहेब मला दिला. कोंबडा तेव्हा कुळीथ खात होता. त्याला या हस्तांतराची कल्पना देता आली नाही.

रविवार, कौल

हद्दीवर शेंदूर लावलेला एक पाषाण आहे. गावपळणीत देवाशी बोलायचे ते तिथे. ओल्या केलेल्या फुलाच्या पाकळ्या पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. काहीच पडले नाही तर थांबायचे.

त्याआधी गाऱ्हाणे घालतात. गाऱ्हाणे म्हणजे देवाला दिलेले रीतसर निवेदन. तात्यांनी घातलेले गाऱ्हाणे ऐकताना व्यावसायिक आदर वाटला. कोण, काय, कुठे, कधी, का, हे सगळे त्यात क्रमाने होते. गाव कधी सोडले, कोणत्या हद्दीला राहिले, कोण आजारी पडले, कोणाची म्हैस व्याली. प्रत्येक वाक्याला लोक "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देत होते. शेवटी चुकलेमाकले पोटात घाल, अशी विनंतीही होती. आमच्याकडे दिलगिरी दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर येते. इथे ती मूळ मजकुरातच असते.

गाऱ्हाणे निम्म्यावर असताना पांढरी गाडी येऊन थांबली. पुण्याची मंडळी दुपारऐवजी सकाळीच आली होती. रात्री ती कणकवलीत उतरली होती, आणि आत्यांना झोप लागली नाही. मुलगा उतरला, त्याचे आईवडील उतरले, आणि मग काठी टेकत आत्या. सुनंदाकाकी पाषाणाशी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी मागे वळून बघितले आणि परत पुढे बघितले. हात जोडलेलेच राहिले.

तेजलने पाहुण्यांना खोपीत नेऊन चटईवर बसवले. सोलकढीचे पेले दिले. आत्यांनी मेढीवरची पाटी वाचली. समुद्र शोधला.

तात्या कोंबड्यावर आले. "तर बा म्हाराजा, गावात जो कोंबो रवलो हा, तो गावचो नाय. तो सांगलीच्या पावण्याचो आसा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

पाकळ्या लावल्या. लोक पुढे सरकले. पाकळ्या जशाच्या तशा. डावी किंचित हलल्यासारखी वाटली. सुनंदाकाकींनी डोळे मिटले. उन्हात पाकळ्यांचे पाणी वाळायला लागले होते, आणि वाळून पडलेली पाकळी धरत नाहीत, असे शेजारच्याने मला सांगितले. मग उद्या.

दुसऱ्याच्या निवेदनात मधे बोलायची माझी पद्धत नाही. पण मजकुरात चूक होती आणि ती मला माहीत होती.

"सोलापूर," मी म्हणालो.

तात्यांनी कानाला हात लावला.

"सांगली नव्हे. सोलापूर."

लोक माझ्याकडे बघायला लागले. तात्यांनी मला नापसंतीने न्याहाळले, मग पाषाणाकडे वळून आवाज चढवला. "म्हाराजा, सांगली नाय. सोलापूर. म्हातारपण माझा, चूक माझी. जिल्हो बदलून घे."

"व्हय म्हाराजा."

पाकळ्यांवर पुन्हा पाणी शिंपडले. थोडा वेळ गेला. उजवी पाकळी सुटली, घरंगळली आणि खाली पडली.

ढोल वाजायला लागला. सुनंदाकाकी उठल्या त्या थेट आत्यांपर्यंत चालत गेल्या आणि म्हणाल्या, प्रमाण मराठीत, कार्यालयात बोलतात तशा: "नमस्कार. या. घर आता उघडतंच आहे."

परत

गावात परतताना रिकाम्या हाताने कोणी जात नाही. गुरे पुढे, मागे भांडी, गाद्या, टीव्ही, टोपल्या. पुण्याच्या गाडीला गुरांमागून जागाच नव्हती, म्हणून मंडळी चालत निघाली. मुलाच्या वडिलांना एक पातेले मिळाले. आत्यांच्या हातात शालनबाईंनी कोंबड्यांची टोपली दिली, अगदी सहज, त्या इथल्याच असल्यासारखी. आत्यांनी काठी मुलाकडे दिली आणि टोपली दोन्ही हातांनी धरली. गुडघ्याबद्दल त्या रस्ताभर काही बोलल्या नाहीत. ह्या अंडी कधी देतात, एवढे मात्र विचारले.

घर खरोखरच सुरेख होते. कौलारू, समोर तुळस, आणि भिंती त्या जपून निवडलेल्या पिवळ्या रंगाच्या. पडवीत आत्यांसाठी वेताची नवी खुर्ची मांडून ठेवली होती.

खुर्चीत साहेब बसला होता. तीनही रात्री त्याचा मुक्काम तिथेच असावा. खुर्चीवर, खुर्चीखाली आणि मागच्या भिंतीवर तसा पुरावा होता. आम्ही अंगणात आलो तेव्हा तो उठला नाही.

मुलाच्या वडिलांनी पातेले खाली ठेवले. "हा कोणाचा?"

बापूंनी माडाकडे बघितले. तेजलने ओठ चावला. सुनंदाकाकींनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या मागे, कुंपणापलीकडे, शालनबाई थांबून ऐकत होत्या.

"माझा," मी म्हणालो.

आत्यांनी मला वर खाली पाहिले. त्यानंतरचा तासभर त्यांनी मला कोंबडीपालनाबद्दल प्रश्न विचारले आणि मी जमेल तशी उत्तरे दिली. जेवायला वडे आणि कोंबडीची सागोती होती. ती कोंबडी परगावचीच होती, मालवणहून आणलेली. आत्यांनी तिरफळ घातलेले तिकलेही मागून घेतले, आणि तिरफळे कोणी न सांगता ताटाच्या कडेला ठेवली. कोकणातल्या आजोळी पाच उन्हाळे काढले होते, असे म्हणाल्या.

निघताना त्यांनी सुनंदाकाकींचे हात हातात घेतले. मुलगी पसंत आहेच, म्हणाल्या. माणसेही पसंत आहेत. लग्नाची बोलणी त्या कातळावरच्या झोपडीत बसून केली असती तर आणखी बरे झाले असते. तशी ती पुन्हा कधी बांधता?

"चार-पाच वर्षांनी," बापूंनी सांगितले. "देवाला विचारून."

"तोवर थांबता येणार नाही," आत्या म्हणाल्या, आणि गाडी गेली.

साहेब आता रीतसर माझा आहे. तो सुनंदाकाकींकडेच राहतो आणि मला अधूनमधून त्याचा फोटो येतो. त्या दुपारी पाहुणे गेल्यावर सुनंदाकाकी बराच वेळ पडवीत उभ्या राहून ओल्या फडक्याने भिंत पुसत होत्या. पुसलेल्या जागी रंग थोडा फिका झाला होता.

"रंगाबद्दल काय म्हणाल्यानी गो?" त्यांनी आत तेजलला विचारले.

"काय नाय."

"काय्येक नाय? बघल्यानी तरी?"

आतून भांड्यांचा आवाज थांबला. तेजल दारात येऊन उभी राहिली, भिंतीकडे पाहिले, खुर्चीकडे पाहिले, आणि आईच्या हातातले फडके काढून घेतले.

"कोंबो बघल्यानी, आये," ती म्हणाली. "बस आता वायच."